ब्रेक आवळायचे कुणी

दादा येणार म्हटलं की आबा आदल्या दिवशीच गाडीवरची ताडपत्री काढून ठेवतात. एरवी ती काढते मी, गाडी धुते मी, बॅटरी उतरू नये म्हणून दर आठवड्याला सुरू करून खोडाळ्याच्या बाजाराला नेते तीही मीच. आबांनी उमेदीत घेतलेली जुनी अँबॅसिडर आहे, चारी चाकांना ड्रमचे ब्रेक. जव्हारच्या चढउतारांवर ते दर थोड्या महिन्यांनी आवळावे लागतात, आणि आमच्या घरात ते काम थोरल्याचं समजलं जातं. थोरला राहतो ठाण्याला. मधल्या काळात ब्रेक आवळते मी, पण त्याचा कुठे बोभाटा नाही.

यंदा भात झोडून झालं आणि दादा आला. आबांनी कपाटातून कापडात गुंडाळलेला पान्यांचा कोरा संच काढून त्याच्यापुढे ठेवला. असा संच घरात आहे हे मला तेव्हा कळलं. मी इतकी वर्षं गंजक्या पान्याने बोटं सोलून घेतेय. खोटं कशाला बोलू, पोटात दुखलं, आणि चांगलंच दुखलं. त्यात आबा जेवताना म्हणाले होते की आता त्यांच्याच्याने गाडी होत नाही, दादा परत जायच्या आत ती दोघांपैकी एकाला देऊन टाकायची. दोघांपैकी म्हणताना ते बघत होते दादाकडेच.

दुसऱ्या दिवशी दादा अंगणात गाडीखाली शिरला. आधी त्याने आमच्याकडे सगळेच करतात ते केलं, हँडब्रेक खेचला आणि पुढच्या चाकाला दगड लावला. इथे सपाट जागा आहेच कुठे? गाडी थांबली की हात आपोआप तिकडे जातो. मग त्याने मागचं चाक जॅकवर उचललं आणि फिरवून पाहिलं. ते फिरेना. बहिणीने ब्रेक वाजवीपेक्षा जास्त आवळलेत, असं तो आबांना ओरडून सांगत होता, ते मला आत नागलीच्या भाकऱ्या थापताना ऐकू आलं. मग त्याने दोन्ही मागची चाकं मोकळी फिरेपर्यंत ब्रेक सैल केले. आबा म्हणाले, कामाला पुरुषाचाच हात लागतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दोघे दाभोशाच्या रस्त्याने चक्कर मारायला निघाले. मला चल म्हणायचं कुणाला सुचलं नाही. फाटकापुढच्या उतारावर दादाने ब्रेक दाबला तर पेडल थेट खाली. घाबरून त्याने पुन्हा दाबला तेव्हा गाडी कशीबशी थांबली, शेजाऱ्यांच्या कुडाला नाक टेकून. दोघेही धड आहेत हे मी आधी पाहिलं. मग मला जो आनंद झाला, तो काय सांगू!

दादाचं म्हणणं, पाइपात हवा शिरली. तो दुपारपर्यंत हवाच काढत बसला, ब्रेक ऑइलची बाटली संपवली, पेडल तसंच. शेवटी मी पाय ठेवून पाहिला. हवा असली तर पेडल मऊ लागतं. इथे ते पहिल्यांदा खाली जायचं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर, घट्ट. म्हणजे ड्रमच्या आतले शू, ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या त्या पट्ट्या, ड्रमपासून फार लांब राहिल्या होत्या. मी विचारलं, चाक फिरवताना हँडब्रेक सोडला होतास का? दादाने कपाळावर हात मारला; मागची चाकं अडली होती ती हँडब्रेकने, माझ्या आवळण्याने नव्हे.

मग मी पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, हँडब्रेक सोडला, मागचं चाक जॅकवर घेतलं आणि खाली शिरले. चाक अडेपर्यंत आवळलं, शू जागेवर बसावेत म्हणून दादाला एकदा जोरात पेडल दाबायला सांगितलं, मग चाक फिरून आतून बारीक खर्र ऐकू येईल इतपतच सैल केलं. दोन्ही चाकांचं तसंच. गाडी उतारावर जागच्या जागी थांबली. आबांनी स्वतः चालवून पाहिली. मला वाटलं, आता तरी बोलतील.

बोलले. संध्याकाळी दादा आंघोळीला गेल्यावर मला ओट्यावर बोलावून घेतलं.

"गाडी त्यालाच देतो, बाय. ब्रेक बिघडले की तुझ्याकडे घेऊन येईल. नाहीतर कशाला येतो तो इकडे? तू काय, तू आहेसच. फक्त त्याला हे शिकवून ठेवू नको."

तू आहेसच! जो घरी टिकत नाही त्याला बोलवायला आख्खी गाडी, आणि जी कधी हललीच नाही तिला द्यायचं काय, असा प्रश्नसुद्धा आबांना पडला नाही. भांडी त्या दिवशी जरा जास्तच वाजली.

सकाळी दादा गाडी घेऊन निघायच्या तयारीत असताना मीच त्याला हाक मारली. हँडब्रेक सोडायला लावला, कोऱ्या संचातला पाना त्याच्या हातात दिला आणि खर्र आवाज कानात बसेपर्यंत एकेक चाक त्याच्याकडून करून घेतलं. चुकला तिथे पुन्हा सैल करून पुन्हा आवळायला लावलं. आबा ओट्यावरून बघत होते. चौथं चाक त्याने एकट्याने केलं.