केळापूरच्या लग्नाला निघालेली अँबेसिडर

साताऱ्याहून निघताना ताई नेहमीप्रमाणे मागच्या सीटवर, उजव्या कोपऱ्यात बसली. पुढे माझ्या शेजारी बसायला ती कधीच तयार होत नाही. समोरून येणारे ट्रक तिला बघवत नाहीत. गाडी माझी: पांढरी अँबेसिडर, वयानं माझ्याहून थोडीच लहान. भंगारात निघाली होती तेव्हा मी ती घेतली आणि इस्पितळातल्या सुट्ट्या तिच्यावर घालवत चालती केली. मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. ताईचं म्हणणं असं की मला धडधाकट काही आवडतच नाही.

जायचं होतं यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याजवळच्या केळापूरला. नर्सिंग शिकताना वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारी सुजाता तिथली. तिच्या मुलीचं, प्राजक्ताचं लग्न होतं. सुजाता फोनवर म्हणाली होती, "तू नाही आली तरी चालते ज्योते, पण गाडी पाठव."

ही थट्टा, पण त्यामागचं कारण थट्टेचं नव्हतं. तिचे वडील, आम्ही सगळ्याजणी त्यांना बाबाच म्हणायचो, सरकारी गाडीवर ड्रायव्हर होते. अशाच पांढऱ्या अँबेसिडरमधून त्यांनी जन्मभर साहेब लोकांना फिरवलं. त्या मागच्या सीटवर घरचं माणूस कधी बसलं नाही. नियमच तसा होता आणि बाबा नियमाचे. आता बौद्ध रीतीच्या पांढऱ्या साडीतली नात त्या सीटवर बसणार आणि बाबा गाडी चालवत तिला वणीला सासरी सोडणार, असं घरात ठरून गेलं होतं.

वाशीमला मुक्काम करून सकाळी दारव्ह्याचा रस्ता धरला. हवेत गारवा होता. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायकांच्या कमरेच्या ओट्या फुगलेल्या. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले. गाड्या भरून गेल्या की ते मागे राहतात. ताई पहिल्यांदाच खुशीत होती. काच खाली करून ती बाहेर बघत होती.

बोरी अरबला बाजाराचा दिवस होता. गर्दीतून हळूहळू गाडी काढत असताना एका खड्ड्यात मागचं चाक गेलं आणि 'टण्ण' असा आवाज झाला. घंटेवर हातोडा मारावा तसा. ताई म्हणाली, "माझ्या पायाखाली काहीतरी झालं."

मी उतरून वाकून पाहिलं. काही गळत नव्हतं, काही लोंबत नव्हतं. समोरच्या हॉटेलवाल्यानं बसायला बाक पुसून दिला. आलुबोंडा फोडून त्यावर तर्री (लाल, जाळ रस्सा) ओतून आमच्या पुढे ठेवला आणि गाडीकडे बघत विचारलं, "काहून वाकडी उभी हाय व ताई तुमची गाडी?"

खरंच वाकडी उभी होती. उजवी मागची बाजू जरा खाली बसलेली.

"इथं नका दाखवू कोणाले," तो म्हणाला. "लोहाऱ्याले जा. यवतमाळच्या अलीकडंच हाय. तिथं अनिल आडेचं शेड हाय, जुन्या गाड्या तोच पाह्यते. पण हळू जा."

आम्ही हळू गेलो. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. अनिल आडे चाळिशीचा, अंगानं आडवा, बोलायला मोकळा. गाडीखाली डोकावून त्यानं निदान केलं, "काही नाही ताई. पाट्याचा बुश गेला. च्या पिऊन होईस्तोर गाडी तयार."

पाटा म्हणजे मागच्या चाकावरची पोलादी पट्ट्यांची कमान. तिचं पुढचं टोक एका जाड बोल्टनं गाडीला अडकवलेलं असतं. तो बोल्ट मागच्या सीटच्या बरोबर खाली येतो. बुश म्हणजे त्या बोल्टभोवतीची रबर-लोखंडाची नळी; तो बदलायचा तर बोल्ट काढायला हवा. नट सुटला. बोल्ट मात्र जागचा हलेना.

चहा पिऊन झाला. डिझेल ओतून झालं, हातोडा मारून झाला. पान्याला लांब पाइप लावून अनिलभाऊनं अंगाचा भार टाकला, तेव्हा पाना निसटला आणि त्याच्या बोटांची सालटं गेली. मी पर्समधून पट्टी काढून बांधली. "बाप्पा, दवाखाना संगंच आणला तुमी," तो म्हणाला, पण आता त्याचा आवाज मोकळा नव्हता. "भल्ला जाम हाय हा. गंजून एकजीव झाला. आता गरमच करा लागते."

आग लावायची म्हणून आधी पेट्रोलची टाकी उतरवून लांब नेली. मागची सीट काढली, खालचा गालिचा काढला. मग गॅसची निळी ज्योत बोल्टच्या तोंडावर धरली. लोखंड लाल झालं, घणाचे घाव बसले, पुन्हा लाल, पुन्हा घाव. पत्र्याच्या शेडमध्ये प्रत्येक घावाला कानठळ्या बसत होत्या. उद्या दुपारी लग्न होतं. त्या गंजाला मी मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या ते इथं लिहिण्याजोगं नाही.

दुपार कलली तेव्हा एका घावाबरोबर बोल्ट सुटून पलीकडे जमिनीवर पडला. मी आनंदानं उचलायला गेले. अनिलभाऊनं "गरम हाय" म्हणून मला अडवलं. चिमट्यानं त्यानं तो उचलला आणि तसाच धरून राहिला.

बोल्ट अर्धाच होता.

उरलेला अर्धा दुसऱ्या बाजूनं निघाला. त्यानं दोन्ही तुकडे पाण्यात विझवून फरशीवर ठेवले. तुटलेल्या तोंडावर सगळीकडे जुना, काळपट गंज चढलेला होता. फक्त एका कडेला नखाएवढी जागा चकचकीत होती.

"हे इतकं बोरीत तुटलं," त्या चकचकीत जागेवर बोट ठेवून तो म्हणाला. "बाकीचा कधीचाच तुटेल होता, ताई."

"मग गाडी चालत कशी होती?"

"गंजानं. बुशाच्या नळीत दोन्ही तुकडे गंजून चिकटेल होते, म्हणून पाटा जाग्यावर राह्यला. तुमी कुठून आल्या म्हणता?"

"साताऱ्याहून."

त्यानं दोन्ही तुकडे उचलून माझ्या हातावर ठेवले.

आदल्या दिवशी घाटात मी एका ट्रकला मागे टाकलं होतं. वळणावर. त्या वेळी ताई मागे पाय पोटाशी घेऊन झोपली होती. मला ते वळण दिसलं, दरी दिसली.

ताई उघड्या पडलेल्या पत्र्याकडे बघत होती. "मी तिथंच झोपले होते," ती म्हणाली. एवढंच.

अनिलभाऊ म्हणाला, "याचा नवा बोल्ट आत्ता टाकून देतो. पण नवरीले बसवाचं म्हणता, तर बाकीचेही खोलून पाहा लागन. ते आज होत नाही."

"एक टाकून केळापूरपर्यंत जाता येईल?" मी विचारलं.

उत्तर यायच्या आत ताईनं दोन्ही पिशव्या उचलल्या आणि ती रस्त्याकडे चालायला लागली.

यवतमाळहून पांढरकवड्याची एसटी मिळाली. बाहेर पानगळीला लागलेलं सागवानाचं जंगल होतं. ते किती सुंदर आहे असं सुजाता वर्षानुवर्षं सांगत आली होती. मी पाहिलं, पण मला काही दिसलं नाही. बस खड्ड्यातून गेली की दोघींचेही हात समोरच्या दांडीवर घट्ट होत होते.

केळापूरला अंगणात मांडव होता. बॉनेटसाठी केलेला शेवंतीचा लांब हार पाण्याच्या घमेल्यात ठेवलेला. बाबा खुर्चीतून उठले. अंगात इस्त्रीचा पांढरा गणवेश, अजून नेमका बसणारा. त्यांनी आमच्या मागे रस्त्यावर पाहिलं.

"गाडी कुठी ठेवली, पोरी?"

रुमालात बांधलेले तुकडे मी त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते जोडून पाहिले, वेगळे केले, पुन्हा जोडले. मग खाली बसले.

"मागं कोण बसलं होतं?"

मी ताईकडे बोट केलं. बाबा उठून आत गेले आणि स्वतः तांब्याभर पाणी घेऊन आले. ताई पाणी प्यायली आणि मग तिला रडू फुटलं. सकाळपासून ती रडली नव्हती.

सुजाता मात्र माझ्यावर चिडली. "फोन तरी कराचा ना. दुपारपासून अंगणातून हलले नाहीत ते." मग तिनं तुकडे पाहिले आणि माझा दंड धरून उभी राहिली. किती तरी वेळ तिनं तो सोडला नाही.

लग्न लागलं. त्रिशरण-पंचशील झालं, पंगती उठल्या. प्राजक्ता वरपक्षानं आणलेल्या गाडीतून वणीला गेली. बाबांनी गणवेश उतरवून साधा सदरा घातला होता. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते मांडवाच्या खांबाला धरून उभे होते.

दुसऱ्या दिवशी ते आमच्याबरोबर लोहाऱ्याला आले. अनिलभाऊ डाव्या बाजूचा बोल्ट काढणार होता. गॅस तयार, घण तयार. मी शेडच्या बाहेरच उभी राहिले. आतून दोन हलके ठोके ऐकू आले, आणि मग शांतता. मला वाटलं, हाही तुटलेला.

"या ताई, पाहून घ्या," त्यानं हाक मारली.

बोल्ट अखंड होता. ग्रीसमध्ये माखलेला, काल बसवावा तसा. गाडीवर असताना दोन्ही बोल्टांची डोकी बाहेरून अगदी सारखी होती, तोच रंग, तोच थर. मी दर महिन्याला गाडीखाली झोपून ती पुसत आले होते. अनिलभाऊही त्या अखंड बोल्टकडे बघत राहिला. "मीही च्या पिऊन होईस्तोर गाडी तयार म्हटलं होतं," तो म्हणाला.

मागचे सगळे बोल्ट आणि बुश नवे बसले. बाबांनी पिशवीतून गणवेश काढला आणि शेडच्या मागे जाऊन घालून आले. माझ्याकडे हात पुढे केला. मी किल्ली दिली.

आम्ही थेट वणीला गेलो. प्राजक्ताला पहिल्या माहेरपणासाठी आणायचं होतं. ती धावत आली आणि पुढचं दार उघडायला लागली. "आबा, मी तुमच्याजोळ बसते."

"पुढं नाही," बाबा म्हणाले. "मागं."

वळसा घालून ते आले, त्यांनी मागचं दार उघडलं आणि ती बसेपर्यंत ताठ उभे राहिले. तिचा पदर दारात येत होता, तो त्यांनी वाकून आत सारला. ताई तिच्या शेजारी बसली, त्याच उजव्या कोपऱ्यात. केळापूरपर्यंत मी पुढे बसून प्रत्येक आवाज ऐकत होते. बाबा आरशात बघत होते, रस्त्यापेक्षा जरा जास्तच.

साताऱ्याला आम्ही सावकाश परतलो. थिएटरमध्ये रुजू झाले त्या सकाळी टेबलावर एक बाई होत्या. भूल द्यायच्या आधी त्यांनी माझा हात धरून विचारलं, "सगळं ठीक आहे ना हो माझं?" वर्षानुवर्षं या प्रश्नाला माझं एकच उत्तर तयार असायचं, आणि ते देताना मी हातातलं काम थांबवतही नसे. त्या दिवशी ते ओठांवर आलंच नाही.

"थांबा," मी म्हटलं, "पुन्हा एकदा बघते."