पेट्रोल, नाना आणि आमचं अप-डाउन

धुळे-जळगाव अप-डाउन करणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. रोज तीच चार माणसं, तोच रस्ता आणि तेच खड्डे. पाऊसपाणी, मुलांचे मार्क, कापसाचा भाव हे सगळं मुकटी येईपर्यंत बोलून होतं. पुढचा सगळा रस्ता आम्ही एकाच विषयावर वैतागायचो. पेट्रोल! इतकी वर्षं इतकं वैतागल्यावर किस्से साचणारच. त्यातले थोडे सांगते.

आधी माणसं सांगते. गाडी नानांची. नाना आमच्या जळगावच्या ऑफिसात हेडक्लार्क, रिटायरमेंटला आलेले. त्यांच्या शेजारी पुढे पाटील सर, जळगावला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणारे. मागे मी आणि शांतीलालभाऊ. भाऊंचं पारोळ्याला साड्यांचं दुकान. पणजोबा राजस्थानातून आलेले, पण अहिराणी माझ्यापेक्षा सफाईदार. ते सकाळी पारोळ्याला उतरायचे आणि संध्याकाळी तिथूनच चढायचे. पेट्रोल चौघांत वाटून. आणि पेट्रोल महागलं की शिक्षाही चौघांना.

* * *

पहिली शिक्षा एसीची.

आमच्याकडचा मे महिना ज्याने पाहिलाय त्याला जास्त सांगायला नको. दुपारी गाडीच्या दाराला हात लावला की हात मागे येतो. मी गाडीत बसले त्या पहिल्याच उन्हाळ्यात विचारलं, तेव्हा नानांनी सांगितलं की एसीचा गॅस संपलाय. पुढच्या उन्हाळ्यातही गॅस संपलेलाच होता. आम्ही ओले रुमाल डोक्यावर घेऊन, काचा खाली करून, तोंडात धूळ खात जायचो. सरांनी एकदा ओळखीचा मेकॅनिक सुचवला. नाना म्हणाले, आता पाऊस येईलच.

एक दिवस आमच्या साहेबांची गाडी बिघडली आणि त्यांना धुळ्याला मीटिंगला जायचं होतं. नाना म्हणाले, आमच्याबरोबर चला. साहेब पुढे बसले, सर मागे माझ्या शेजारी आले. जळगाव सुटल्यावर नानांनी काचा वर घेतल्या आणि एक बटण दाबलं. थंडगार हवा आली. सरांनी माझ्याकडे बघितलं, मी सरांकडे. साहेबांसमोर बोलणार काय? 

पारोळ्याला शांतीलालभाऊ चढले. बसून त्यांनी दार लावलं आणि लगेच पुन्हा उघडून खाली उतरले. मागे जाऊन नंबर प्लेट वाचली. मग परत आत येऊन अगदी शांतपणे म्हणाले, "गाडी तर तीच आहे."

* * *

पुढच्या भाववाढीला नानांनी उतारावर गाडी बंद करायला सुरुवात केली. पारोळ्याच्या अलीकडे एक उतार लागतो. तो आला की नाना गिअर न्यूट्रलला टाकायचे आणि चावी फिरवून इंजिनच बंद करायचे. गाडी आवाज न करता घरंगळत जायची. इंजिन बंद असलं की ब्रेक नीट लागत नाही, स्टेअरिंग जड होतं, हे सरांनी किती वेळा समजावलं असेल. नानांचं उत्तर ठरलेलं, "सर, तुमचं फिजिक्स पेट्रोल स्वस्त असतानाचं आहे."

एका सकाळी उतार संपला, गाडी थांबली आणि पुन्हा सुरूच होईना. नाना चावी फिरवताहेत, गाडी नुसती खोकतेय. मागून कापूस भरलेला एक ट्रॅक्टर आला. चालवणारे आबा पांढऱ्या मिशांचे, डोक्याला उपरणं. त्यांनी ट्रॅक्टर थांबवून विचारलं, काय झालं? बिघाड झाला म्हणायला नानांना कमीपणा वाटला असणार. ते म्हणाले, "काही नाही आबा, पेट्रोल वाचवतोय."

आबांनी गाडीकडे बघितलं. आत बसलेल्या आम्हा तिघांकडे बघितलं. मग अगदी मनापासून सल्ला दिला, "मंग बठ्ठा उतरीसन ढकला ना भो. आखो वाची."

आणखी वाचेल म्हणे! शेवटी आम्ही सगळे उतरलो आणि ढकललीच.

* * *

मग आलं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. नानांच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवसापासून गाडीचा अॅव्हरेज गेला. खरं गेला की गाडी म्हातारी झाली, देव जाणे. पण नानांना दोषी कोणी तरी हवं होतं, आणि ते गाडीतच सापडलं. मी.

कारण माझा भाऊ शिंदखेड्याला मका लावतो. मक्यापासून इथेनॉल करतात आणि म्हणून मक्याला बरा भाव मिळतोय, हे मीच मूर्खासारखं एकदा बोलून गेले होते. त्यानंतर चढावर गाडी दमली की नाना आरशातून माझ्याकडे बघायचे. "ताई, तुमच्या भावाचा मका दम धरत नाहीये," म्हणायचे. मी चिडून एकदा बोलले की शेतकऱ्याच्या हातात दोन पैसे आले तर तुमचं काय बिघडतं? नाना म्हणाले, बिघडतं ना, इंजिन बिघडतं. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. चार माणसांच्या गाडीत अबोला धरून बघा, म्हणजे कळेल.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. माझा भाऊ त्याच्या मोटरसायकलवरून माझ्याकडे धुळ्याला आला. घामाघूम झालेला. मी पाणी दिलं. तो पाणी पिऊन भांडं खाली ठेवत म्हणाला, "ताई, ह्या पेट्रोलमा काय टाकतस देव जाने. गाडी वढतच नही."

मी हे नानांना अजून सांगितलेलं नाही.

* * *

वैतागून पहिला मार्ग बदलला तो शांतीलालभाऊंनी. घरच्या गाडीला त्यांनी सीएनजी किट बसवून घेतलं. निम्म्या खर्चात फिरतो म्हणून आठवडाभर आम्हाला ऐकवलं. डिकीत सिलिंडर आल्यामुळे सामान ठेवायला जागा उरली नाही, ते मात्र बोलले नाहीत. ते आम्हाला शिरपूरला त्यांच्या भाच्याच्या लग्नाला निघालो तेव्हा कळलं. मांडीवर आहेराच्या साड्या, पायाशी मिठाईची खोकी, आणि माझ्या कुशीत एक पितळी समई.

सीएनजीच्या पंपावर रांग होती. रांग म्हणजे पंप दिसतच नव्हता, एवढी. मुहूर्त दुपारचा. भाऊ पाच मिनिटं गाडीत, पाच मिनिटं खाली. पुढे जाऊन यायचे आणि सांगायचे की प्रेशर कमी आहे, हळू भरतंय. घरून फोनवर फोन. मामाशिवाय लग्न कसं लागणार? भाऊंचा चेहरा उतरत चालला. नाना मागच्या सीटवर अंग चोरून बसले होते, ते पुटपुटले की माझ्या गाडीने निघालो असतो तर आत्तापर्यंत पंगतीत बसलो असतो. त्यावर भाऊ जे बोलले ते मी लिहीत नाही.

मग ते पाय मोकळे करायला रांगेत मागे गेले. बऱ्याच वेळाने परत आले ते खिशात हात घालून, रमत-गमत. गाडीत बसले, सीट मागे केली, डोळे मिटले. सरांनी घाबरून विचारलं, "भाऊ, मुहूर्त?"

भाऊ डोळे न उघडता म्हणाले, "नवरदेव आपल्या मागे सात गाड्या सोडून उभा आहे."

* * *

पाटील सरांचं मत आधीपासून ठाम होतं. पेट्रोलच्या गाड्या आता थोड्या वर्षांच्या सोबती, असं ते सारखं म्हणायचे. नाना म्हणायचे की बंद करायच्या तर करा, पण आधी लाईट जाणं बंद करा. हा वाद पारोळा ते जळगाव रोज चालायचा. शेवटी सरांनी बोलणं थांबवलं आणि सरळ इलेक्ट्रिक गाडी घेतली.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. खाली पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट द्यायला बिल्डिंगमधल्या लोकांनी नकार दिला. मीटिंग झाली, भांडण झालं. एकाचं म्हणणं होतं की गाडी पेटली तर? दुसऱ्याचं म्हणणं, सगळ्यांनीच मागितलं तर? सरांनी स्वतःच्या खर्चाने वेगळा मीटर मागितला, तरी नाही. मग हा फिजिक्सचा माणूस काय करतो, तर गॅलरीतून जाड वायर खाली सोडतो. मी त्यांना बोलले की सर, शोभतं का तुम्हाला हे? ते ओशाळले, पण वायर काही काढली नाही.

एके दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या आजी जिना चढून त्यांच्या दारात आल्या. सरांना वाटलं, झालं, तक्रार आली. त्यांनी माफी मागायला तोंड उघडलं, त्याआधी आजीच बोलल्या. वायर जरा ताणून बांधा म्हणाल्या, मध्ये लोंबते, खाली वाळत घातलेल्या साड्या जमिनीला टेकतात.

त्याच दिवशी सरांनी वायर काढली, आणि पुढे वकिलाची नोटीस दिल्यावर मीटर मिळाला. पण एकदा आम्हाला त्या गाडीतून जळगावला न्यायची त्यांची हौस होती. नाना यायला तयार नव्हते. पाटील सरांनी अगदी घरी जाऊन बोलावलं तेव्हा आले. गाडी खरंच छान. आवाज नाही, धूर नाही, आणि एसी चालू! नाना खिडकीबाहेर बघत बसले होते. शांतीलालभाऊ पारोळ्याला उतरताना म्हणाले की उतरावंसं वाटत नाही. सर खुलले.

एरंडोलच्या पुढे सर जरा गंभीर झाले. आदल्या दिवशी घरची लाईट गेली होती, चार्जिंग अर्धवट झालेलं, आणि बोलण्याच्या भरात त्यांचं लक्ष राहिलं नव्हतं. जळगाव गाठेल की नाही, शंकाच होती. रस्त्याकडेच्या एका ढाब्यावर 'इथे गाडी चार्ज होईल' अशी पाटी दिसली. आम्ही आत वळलो. ढाबेवाला अंगणात खाटेवर बसला होता. म्हणाला, होईल, पण लाईट गेलीय.

कधी येईल? ते त्याला कसं माहीत असणार? आम्ही चहा घेतला. परत चहा घेतला. मी ऑफिसात फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं आणि बोलणी खाल्ली. सर गाडीभोवती फेऱ्या मारत होते. नाना मात्र खाटेवर पाय पसरून बसले होते, चेहऱ्यावर काहीच नाही. बोलले असते तर बरं, असं सरांना झालं होतं.

शेवटी ढाबेवाल्याला दया आली. म्हणाला, जनरेटर लावून देतो, पण डिझेलचे पैसे वेगळे पडतील.

नाना खाटेवरून उठले. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही स्वतःहून खिशात हात घातलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी पाकीट काढलं.

"लावा," ते म्हणाले. "डिझेलचे पैसे मी देतो."

* * *

नानांच्या गाडीला पंधरा वर्षं होत आली आणि रिटायरमेंटही जवळ आली. पुढे गाडी चालवायची तर तपासणी करून कागद नव्याने करायला हवे होते, त्याला खर्च होता, आणि टायर, क्लच सगळंच बदलायला आलं होतं. पुण्याचा मुलगा फोनवर सांगायचा की ती मोडीत द्या आता, इथे कोणी असली गाडी ठेवत नाही. नाना त्याच्यावर ओरडायचे. पण एक दिवस परत भाव वाढला, आणि त्याच संध्याकाळी गाडी रस्त्यात दोनदा बंद पडली. दुसऱ्या दिवशी नानांनी सांगितलं, देऊन टाकतोय.

आमचंही अप-डाउन त्याबरोबर संपणार होतं. सरांना स्वतःची गाडी होती, भाऊंनी पारोळ्यालाच घर बघितलं होतं, माझ्या नशिबी एसटी. तरी गाडी द्यायला जाताना तुम्हीही चला, असं नानांनी तिघांना सांगितलं, आणि आम्ही रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेलो. मोडीत गाड्या घेणाऱ्यांचं आवार सोनगीरच्या रस्त्याला होतं. ते लोक ट्रक पाठवून गाडी उचलून न्यायला तयार होते. नानांनी त्यांना नको म्हणून कळवलं. चालती गाडी कोणी उचलून नेतं का, असं त्यांचं म्हणणं.

गाडी धुतलेली होती. पुढे नानांच्या शेजारी त्यांच्या पत्नी, अक्का, बसल्या, मागे आम्ही तिघं दाटीवाटीने. भाऊंनी एकदा पाऊस यंदा लांबला म्हणून बघितलं, पण विषय काही पुढे सरकला नाही.

गाव संपता संपता नानांनी गाडी त्यांच्या नेहमीच्या पंपावर घेतली. मला वाटलं हवा बघायची असेल. हा माणूस कधी दिवसापुरत्यापेक्षा जास्त पेट्रोल भरत नसे. उद्या भाव उतरला तर, म्हणायचे. पंपावरच्या माणसाला ते पाठ होतं. त्याने टाकीचं झाकण काढलं आणि विचारलं, "रोजचंच ना, नाना?"

"नाही. फुल कर."

तो थांबला. त्याने पुन्हा विचारलं, नानांनी पुन्हा तेच सांगितलं. आकडे फिरायला लागले. आम्ही मागे बसून त्या आकड्यांकडे बघत होतो. शेवटी अक्कांना राहवेना. हळूच म्हणाल्या, "अहो, गाडी मोडीत द्यायला चाललोय ना आपण?"

"हो," नाना म्हणाले.

टाकी भरली. नानांनी काच खाली केली आणि मान बाहेर काढून मागे बघितलं.

"झाकण घट्ट लाव रे," ते म्हणाले. "सांडायला नको."