एकदाच विचारलेला रविवार

आमच्याकडे मिरजेत पहिल्या 'नको'ला कुणी काडीची किंमत देत नाही. पंगतीत बसून नको म्हणालात तर वाढणारी म्हणते, "असं कसं, अर्धी तरी घ्या," आणि अख्खी पोळी ताटात पडते. तिसऱ्या वेळी ताटावर आडवा हात धरून नको म्हणालात, तर ते खरं. हे कुणी कुणाला शिकवत नाही, सगळ्यांना ठाऊकच असतं. सिंगापूरला जाताना मी लोणचं नेलं, मेतकूट नेलं आणि ही रीतही तशीच डोक्यात घेऊन गेले. त्यातलं लोणचं तेवढं कामाला आलं.

माझं डी.एड. झालेलं होतं आणि शिक्षकभरती बंद होती. स्थळं यायची, चहा पिऊन जायची. अशात आमच्या गल्लीतली ताई सुट्टीवर आली. रक्ताच्या नात्यातली नव्हे, पण तिचं माहेर आमच्या दारासमोर आणि लहानपणी माझ्या वेण्या तिनंच घातलेल्या. ती आणि दाजी दोघंही सिंगापुरात आयटीमध्ये मॅनेजर. मुलगी चार वर्षांची, आणि तिला मराठीचा गंध नाही. ताई म्हणाली, "तू चल माझ्याबरोबर. पिल्लूला सांभाळ, मराठी शिकव. तू काय परकी आहेस का? आपल्या घरचीच." आईला त्या 'घरचीच'चा एवढा आनंद झाला की तिनं पेढे वाटले. वर्क परमिटवर मी घरकामवाली होते, पण ते वाचायला मिरजेहून कोण येतंय?

पहिल्याच आठवड्यात रात्री जेवताना ताईनं विचारलं, "तुला रविवारची सुट्टी हवी का गं? इथे तसा नियम आहे. नको असेल तर त्या दिवसाचे पैसे वेगळे देऊ."

"छे गं ताई!" मी म्हटलं. "घरच्या घरी कसली सुट्टी? नको."

आणि वाट बघत बसले. आता ती म्हणेल, असं कसं, घ्यायचीच सुट्टी, जरा फिरून ये. मग मी आणखी एकदा नको म्हणेन, मग दाजी रागावल्यासारखं करतील आणि मी बरं म्हणेन. सगळं मनात तयार होतं. ताई नुसतं "बरं" म्हणाली आणि वॉशिंग मशीनचा माणूस कधी येणार म्हणून दाजींकडे वळली. घास माझ्या हातातच राहिला. बारा वर्षं परदेशात राहून ती एकदाच विचारायला शिकली होती, आणि मला एकदाच उत्तर द्यायला कुणी शिकवलं नव्हतं.

तिथून पुढे सगळे वार सारखेच झाले. बुकित तिमाह भागातल्या ताईच्या कॉन्डोत, म्हणजे तिथल्या बड्या सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये, सकाळी डबा, पिल्लूची वेणी, खाली गेटवर शाळेची बस, मग कपडे, केर, भाजी. दुपारी पुन्हा गेट. संध्याकाळी स्विमिंग पूलच्या कडेला टॉवेल घेऊन बसायचं. माझी खोली स्वयंपाकघराला लागून होती. तिला बॉम्ब शेल्टर म्हणतात, तिथल्या बऱ्याच घरांना असतं. जाड भिंती, खिडकी नाही, लोखंडी दार. ताईनं हौसेनं गुलाबी चादर घातली होती, छोटा पंखा लावला होता. मी दार कधीच पूर्ण लावलं नाही. लावलं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं.

वाईट वागवलं असतं तर बरं झालं असतं, निदान बोंब तरी मारता आली असती. पण मी त्यांच्याबरोबर टेबलावर जेवायचे. माझ्या वाढदिवसाला केक आला. पाहुणे आले की ताई खांद्यावर हात ठेवून सांगायची, "ही माझ्या धाकट्या बहिणीसारखीच," आणि पुढच्याच वाक्याला, "पाणी आण गं सगळ्यांना." बहीण म्हणून सुट्टी मागायची नाही आणि कामवाली म्हणून कुरकुरायचं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

शेजारच्या घरी फिलिपिनो बाई होती. रविवारी सकाळी ती लाल लिपस्टिक लावून, उंच टाचा वाजवत लिफ्टकडे निघायची. एकदा तिनं मला विचारलं, "यू नो ऑफ डे, अह?" मी म्हटलं, मॅडम इज लाइक सिस्टर. ती खो खो हसली. "ओह. सिस्टर नो ऑफ डे!" लिफ्टचं दार मिटलं तरी तिचं हसू ऐकू येत होतं. मला इतका राग आला! तिचा नाही. तिच्या लिपस्टिकचा, टाचांचा आणि त्या लिफ्टचा.

मला कुठं जायचं होतं असं नाही. कुणाला भेटायचंही नव्हतं. कुणाची तरी बाटली, टोपी, टॉवेल हातात न घेता, एकटीनं, रिकाम्या हातांनी दार ओढून घ्यायचं होतं. बस्स. तेवढ्यासाठी जीव तुटायचा.

मग मी सुचवून बघितलं. "आज ऊन काय छान पडलंय, नाही?" ताई म्हणायची, "हो ना, गाद्या बाल्कनीत टाक." फोनवर आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एकदाच विचारलं? दुसऱ्यांदा विचारलंच नाही?" तिला सगळं क्षणात कळलं, म्हणून मला रडूच फुटलं. "भीड भिकेची बहीण, बाई," ती म्हणाली. "मग मागू का आता?" मी विचारलं. "छे! आपण होऊन मागणं बरं दिसतं का?"

दीड वर्ष गेलं. एका रविवारी मी नवा ड्रेस घातला, पोह्यांवर खोबरं पेरलं आणि ताटल्या ठेवता ठेवता बोलून टाकलं, "ताई, मी आज जरा बाहेर जाऊन येते." आवाज अगदी परीक्षेत उत्तर सांगतात तसा.

ताईचा चमचा थांबला. "बाहेर? एकटी? अगं, तूच म्हणालीस ना सुट्टी नको म्हणून? मला वाटलं, तुला आमच्यात आवडतंय." तिला खरंच लागलं होतं. तिचे डोळे बघून मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दाजी समजूतदार. "जाऊ दे की. कुठं जायचंय?"

मी सुचलं ते बोलले, "हार्बरफ्रंट. बोटी बघायला."

"एवढंच ना? मग सगळेच जाऊ!" दाजी म्हणाले, आणि ताईचा चेहरा उजळला. "एकटीला कशी पाठवू? उद्या काही झालं तर मिरजेत काकूंना काय तोंड दाखवू?" एका तासात सगळे तयार झाले. पिल्लूची बाटली, टोपी आणि जादा कपडे माझ्या पिशवीत. हार्बरफ्रंटला मी बोटी बघितल्या, एका हातात पिल्लूचा हात, दुसऱ्यात तिचं वितळणारं आइस्क्रीम. लोक बॅगा घेऊन फेरीबोटीत चढत होते. "मजा आली ना?" घरी येताना ताईनं विचारलं. मी हो म्हणाले, दुसरं काय म्हणणार?

परमिटची दोन वर्षं संपत आली. रात्री जेवताना ताईनं माझ्या आईला स्पीकरवर घेतलं आणि म्हणाली, "काकू, हिला अजून दोन वर्षं ठेवून घेते हं मी." मग माझ्याकडे वळून, "राहशील ना?"

"नको," मी म्हटलं. या वेळी वाट बघायला थांबले नव्हते. खरं नको होतं ते, पोटातून आलेलं.

"असं कसं?" ताई म्हणाली. "राहायचंच."

"नको, ताई."

"अगं, संकोच कसला करतेस? घरचीच ना तू?" आणि तिनं पोळी उचलून माझ्या ताटात वाढली. दोन वर्षं मी ज्या आग्रहासाठी आसुसले होते तो आग्रह तिला आज आठवला. बहुतेक आईचा आवाज ऐकून आठवला असावा. मी ताटावर आडवा हात धरला. "नको ना ताई. मला जायचंय."

स्पीकरमधून आई हसली. "तिचं नको मनावर घेऊ नकोस गं. लहानपणापासून भिडस्त आहे ती. राहील."

पिल्लू सहा वर्षांची झाली होती. ती तोंडातला घास गिळून, मी शिकवलेल्या मराठीत म्हणाली, "मावशी तीन वेळा नको म्हणाली. " आणि वर तिथल्या इंग्रजीत, "शी डोन्ट वॉन्ट, लाह."

सगळे पोट धरून हसले. दाजी हसले, ताई हसली, मिरजेत आई हसली. सवयीनं मीही हसले, आणि तिथंच माझी आणखी दोन वर्षं ठरली.