साडूंनी मोजलेल्या पाठी

उभ्या आखातात माझ्या साडूंइतका दुसऱ्याच्या पाठीत रस घेणारा माणूस सापडायचा नाही. ओमानात बरका गावच्या एका तबेल्यात त्यांची नोकरी. स्वारांच्या कमरेला आणि पाठीला काडेपेटीएवढे सेन्सर बांधायचे आणि दौडताना कोण किती कलतो ते कॉम्प्युटरवर बघायचं. स्वतः मात्र लग्नातही घोड्यावर बसले नाहीत, वरातीत पायी चालले. कुरुमला आमच्या घरी सत्यनारायण होता, तेव्हा कथा चालू असताना त्यांनी गुरुजींच्या उघड्या पाठीला सेन्सर चिकटवला आणि सर्वांदेखत सांगितलं, "गुरुजी, डाव्या कुल्ल्यावर फार लोड येतोय तुमचा." मी गारच पडलो. गुरुजींनी मुकाट्यानं बैठक बदलली आणि पुढचा अध्याय घेतला.

असल्या माणसाच्या शब्दानं कुणाच्या पोटावर पाय येईल, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. ओमानात सणाला दोन स्वार एकमेकांचा हात धरून घोडे भरधाव सोडतात. तबेल्याची जोडी दोघा सख्ख्या भावांची. सेन्सरचा संच एकच, म्हणून साडूंनी तो धाकट्याला बांधला आणि निकाल दिला, हा वाकडा बसतो. मालक म्हणाला, "खलास, ईद के बाद दूसरा लड़का लाओ."

पुढच्या आठवड्यात दुसरा संच आला. मी साडूंना न्यायला गेलो होतो, तेव्हा दोघा भावांच्या रेघा एकाच पडद्यावर उमटत होत्या. थोरला बाहेरच्या बाजूला घसरायला लागला की धाकटा उलट कलायचा आणि हातानं त्याला ओढून धरायचा. धाकटा वाकडा बसत होता म्हणून थोरला खाली येत नव्हता. साडू तसेच उठले आणि मालकाला म्हणाले, "अर्बाब, गलती मेरी है. दोनों को बांधना चाहिए था, मैंने एक को बांधा."

थोरला पडद्याकडे बघत राहिला. मग त्यानं अरबीत धाकट्याला काहीतरी विचारलं. केव्हापासून, असं विचारलं म्हणे. धाकटा खाली मान घालून म्हणाला, तू आजारातून उठलास तेव्हापासून. थोरल्याला याचा पत्ताच नव्हता. थोरल्यानं त्याच दिवशी आपण होऊन दौड सोडली.

धाकटा कामावर राहिला. आता तो दुसऱ्याच जोडीदाराचा हात धरून दौडतो. परवा साडूंनी मला त्याची रेघ दाखवली.

"सरळ आहे की आता," मी म्हटलं.

"सरळच आहे हो," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.