नाक मुरडणारी सून

गच्चीवरच्या पाइपांत मातीवाचून टोमॅटो वाढत होते आणि त्यांचं जेवण कोपऱ्यातल्या निळ्या पिंपात आंबत होतं. खाणावळीचं खरकटं पाणी, माशांचं धुवण. त्यात विजेच्या पंपानं सोडलेले हवेचे बुडबुडे चालू राहिले तर खत, थांबले तर विष. दिसायला दोन्ही काळपटच. फरक फक्त वासाचा, आणि वास ओळखण्यात सासूबाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. गल्ली त्यांना नाकवाली म्हणायची.

त्या नाकाला तापानंतर वासच येईनासा झाला होता. मागचं पीक त्यापायीच मुळांपासून कुजलं. पुन्हा असं झालं तर पाइप भंगारात जातील, असं मुलानं बजावलं होतं. सासूबाईंनी कोणाला थांगपत्ता लागू दिला नाही. काहीतरी निमित्त काढून त्या सुनेला पिंपाजवळ बोलवायच्या. तिनं नाक मुरडलं की समजायचं, खत बिघडलं. त्या बिचारीला याची कल्पनाच नव्हती.

आज दुपारी त्यांचा डोळा लागला आणि नेमकी वीज गेली. उठून पाहतात तो बुडबुडे पुन्हा चालू. मधे किती वेळ बंद होते, कोण सांगणार? इकडे पानं भुकेनं पिवळी पडत चाललेली. त्यांनी सुनेला हाक मारली.

सून येऊन उभी राहिली. चेहरा अगदी सरळ. सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पाइपांत खत सोडायच्या तोटीला हात घातला आणि सहज वर पाहिलं. सुनेचे ओठ घट्ट मिटलेले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"वास येतोय का गं?"

"नाही, आई. काहीच नाही."

काल सुनेच्या देखत शेजारणीसमोर आपणच हसत म्हणालो होतो, आमच्या कामाला नाक मुरडणारी सून मिळालीय. सासूबाईंना आठवलं आणि त्यांचा हात तोटीवरच थांबला. एक तोटी, सगळे पाइप तिच्यावर. जिन्यात मुलाची पावलं वाजू लागली होती.

"खरं सांग," त्या कुजबुजल्या. "मला वास येत नाही. तापापासून."

सुनेनं त्यांचा हात तोटीवरून अलगद काढला, मग ती कठड्याकडे धावली आणि ओकली.

मुलानं दारातूनच विचारलं, काय झालं.

"खत सडलंय," सून तोंड पुसत म्हणाली. "आईंना लगेच वास आला, म्हणून पीक वाचलं."

सुनेनं आता पिंपाकडे बघत मनसोक्त नाक मुरडलं.