प्रधानकाकांचे साहेब आणि नितीनचा दगड

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. चार मराठी घरं जवळ राहिली की ते साठत जातात, फ्रीजमधल्या उरलेल्या चटण्यांसारखे. आमच्या सिंगापुरातल्या बिशानच्या कंपूतले निम्मे प्रधानकाकांमुळे साठले.

काका केमिस्ट. जहाजांच्या इंधनाचे नमुने तपासण्यात जन्म गेला. रिटायर झाले आणि एकोणिसाव्या शतकातल्या एका गोऱ्या साहेबाच्या नादी लागले. हा साहेब आधी औषधांच्या दुकानात, मग केमिस्ट, मग गॅसच्या कारखान्यात, तो बुडाल्यावर कोळसा शोधणारा भूगर्भशास्त्रज्ञ, मधेच मास्तर आणि म्हातारपणी साबणवाला. काकू म्हणाल्या, "एका जागी टिकत नव्हता, एवढंच ना?"

त्यानंतर दोन दिवस काका काकूंशी जेवणापुरतंच बोलले.

*

गणेशोत्सवात काकांना भाषणाला दहा मिनिटं मिळाली. साहेब गॅसच्या कारखान्यात असतानाच मागे प्रसादाची ताटं लागली. ते कोळशाच्या खाणीत उतरेपर्यंत हॉल रिकामा आणि मोदकही संपलेले. उरलेलं साहेबचरित्र काकांनी भांडी आवरणाऱ्या केटररला हिंदीत ऐकवलं. त्याला म्हणे आवडलं.

*

ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनारी पिकनिकला काकांनी एक दगड उचलला आणि सरळ चाटला. माझी लेक किंचाळली, "अंकल, सो डर्टी लाह!"

काका शांत. म्हणाले, साहेब केमिस्ट होते तोवर काही तोंडात घालत नसत. भूगर्भात शिरले आणि दगड चाटायला लागले. ओला केला की कण दिसतात, जिभेला चिकटला तर चिकणमाती.

शेजारी नितीन बसला होता. हा पुण्याचा जिऑलॉजीचा एमएस्सी, पण नोकरी बँकेत. हॉकर सेंटरच्या खाऊगाड्यांवर घरचा चमचा नेणारा कट्टर शाकाहारी. बोलता बोलता त्यानेही एक दगड चाटून पाहिला. "जुनी सवय," म्हणाला. त्याची बायको मुग्धा समुद्राकडे बघत राहिली.

*

मग २००८ची मंदी आली आणि नितीनचं डिपार्टमेंटच बंद झालं. इथे राहायचा पास नोकरीला बांधलेला. महिन्याभरात दुसरी मिळाली नाही तर मुलीची शाळा सोडवून गाशा गुंडाळायचा. जो तो सल्ले द्यायला लागला. काकांनी अर्थात साहेब काढले, "कारखाना बुडाला तेव्हा साहेबांनी दगड धरले. तू तर आधीच शिकलायस."

नितीन चिडला. "काका, तुमच्या साहेबाला पासची भानगड नव्हती!"

काका साहेबांची गोष्ट अर्धी टाकून घरी निघून गेले. असं आम्ही प्रथमच पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं. नितीनलाही वाटलं असावं, कारण दुसऱ्याच दिवशी त्याने एमआरटीचे, म्हणजे इथल्या मेट्रोचे, बोगदे खणणाऱ्या एका कंपनीत अर्ज टाकला.

*

इंटरव्ह्यूच्या दिवशी मी आणि काका नितीनच्याच घरी बसून होतो. मुग्धाने केलेला चहा कुणी प्यायला नाही.

तिकडे साइट ऑफिसात चिनी मॅनेजरने बायोडाटा चाळला. इतकी वर्षं बँकेत, मग दगड तुला काय ओळखू येणार, म्हणाला. आणि टेबलावरचा एक दगड पुढे सरकवला. नितीनने तो खिडकीशी नेला, उलटसुलट केला आणि सवयीने चाटला.

मॅनेजर बघतच राहिला. नितीन म्हणाला, ग्रॅनाइट आहे, पण चव ग्रॅनाइटची नाही.

"चिकन राइस लाह," मॅनेजर म्हणाला. "लंचचा कागद उडतो, म्हणून वर ठेवतो."

नितीन घरी आला तो कुणाशी न बोलता थेट बेसिनकडे. आम्ही तिघं दारात उभे, तो गुळण्या करतोय. शेवटी मुग्धाला राहवेना. "अरे, नोकरीचं काय झालं?"

नितीनने टॉवेलने तोंड पुसलं.

"सोमवारपासून. पण दगड घरून न्यायचाय."