मागच्या मुठी

गोठलेलं तळं अर्धं ओलांडून झालं तेव्हा मारेतमावशी पहिल्यांदा थांबली. गुडघ्यांवर हात टेकून वाकली आणि तशीच वाकलेली म्हणाली, "तू चालत राहा गं. मी एकदा थांबले की पाय लवकर उचलत नाही."

मी थांबलेच. मागे वळून पाहिलं तर आमची बंद पडलेली बर्फगाडी पार त्या टोकाला माशीएवढी दिसत होती. चार किलोमीटर झाले होते, घर अजून तेवढंच लांब होतं. एप्रिलचा शेवट. उन्हाने बर्फ वरून मऊ पडला होता, दर चौथ्या पावलाला पाय पोटरीपर्यंत आत जायचा. तळ्यावर फोन लागत नाही, आणि गावातली धडधाकट माणसं सगळी रेनडिअरच्या कळपाकडे गेलेली. चालण्यावाचून इलाज नव्हता. मी मनात रामरक्षा म्हणत होते. पुण्यासाठी म्हणून नव्हे, तिच्या चालीवर पावलं पडतात म्हणून.

मावशी अडुसष्ट वर्षांची. इथे उत्तरेच्या टोकाला थोरामोठ्यांनाही नुसत्या नावाने हाक मारतात, पण एकोणीस वर्षं झाली तरी माझ्या जिभेला ते जमलेलं नाही. नगरपालिकेकडून मी म्हाताऱ्यांचं करायला घरोघरी जाते. मावशीच्या घरी जायला लागले ते तिच्या नवऱ्यासाठी, आयलूसाठी. हिवाळ्यात त्याचा तळहात चुलीच्या पत्र्यावर टेकला आणि टेकलेलाच राहिला. वास मावशीला आला, त्याला काही कळलं नाही. पन्नास वर्षं थंडीत बर्फगाडीचं थरथरतं हँडल धरून त्याची बोटं पांढरी पडली आहेत, त्यांत जीव राहिलेला नाही. पुन्हा एकदा गारठली तर कापावी लागतील, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं आहे.

आणि शनिवारी कळप समुद्राकडे निघायचा होता. चार दिवसांची वाट. आयलू आठ वर्षांचा असल्यापासून दर वसंतात त्या वाटेने गेला. फक्त गेल्या वर्षी घरी राहिला. खिडकीशी बसला तो जेवायलाही उठेना. उन्हाळाभर त्याच्या पँटची कंबर मावशी आत घेत होती. यंदाही तो राहिला तर पुढचा वसंत बघणार नाही, हे तिने मला सांगितलं नव्हतं. मला ते दिसत होतं.

गाडी चालवणं त्याला आता शक्य नाही. दुसऱ्या कुणाच्या मागे बसणार नाही, हे त्याने बजावलंच होतं. राहता राहिली बायको. त्यालाही तो महिनाभर हो म्हणत नव्हता, कारण मावशीच्या गाडीवर मागची जागा कुत्र्याची. चाप्पे तिथे पोत्यावर बसतो.

"कुत्र्याच्या जागी बसू मी?" आयलूने विचारलं होतं.

"आधी चाप्पेला विचार, तो देतो का," मावशी म्हणाली होती. त्यावर म्हातारा हसला. तेवढ्या हसण्यावर तिने होकार धरून टाकला.

मग प्रश्न आला मागच्या मुठींचा. मागे बसणाऱ्याला धरायला सीटच्या दोन्ही बाजूंना मुठी असतात, आत तापणारी पट्टी असते. मावशीच्या गाडीच्या त्या मुठी नऊ वर्षांपासून थंड. त्यांची वायर कुणी तोडली होती, तर खुद्द आयलूने. गाडी नवी आली त्याच आठवड्यात. मागच्याला हातमोजे असतात, चालवणाऱ्याला वीज लागते, असं म्हणून त्याने पक्कड चालवली. त्या वेळी गाडी तो चालवायचा आणि मागे मावशीच बसायची.

"तू काहीच बोलली नाहीस?" मी चालता चालता विचारलं.

"काय बोलायचं? हातमोजे मीच शिवलेले. वाईट आहेत म्हणू?"

तिची सगळी गोष्ट अशी. सव्वीस वर्षं ती शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करत होती. कळप नवऱ्याचा, आणि कळपामागे धावणाऱ्या गाडीचं पेट्रोल तिच्या पगाराचं. चार वाजता वसतिगृहातून सुटायची, मागच्या सीटवर बसून कळपावर जायची, परत येऊन सकाळी पुन्हा दोनशे मुलांसाठी मासे तळायची. मुलगी दक्षिणेला शहरात, वर्षातून एकदा येते. हे सगळं तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. पाय आत गेला की थांबायची, पाय काढला की पुढचं वाक्य.

नव्या पट्ट्या तिने टपालाने मागवल्या. मुठींवरचं जुनं रबर गरम पाण्याने सैल करून काढलं, पट्ट्या गुंडाळल्या, रबर चढवलं. हे सगळं गोठ्याएवढ्या त्या शेडमध्ये, आणि आयलू तिथे खुर्ची टाकून, मांडीवर गोधडी घेऊन सांगायला बसलेला. पाना कुठला घे, स्क्रू कुठे ठेव. मी त्याचं बँडेज बदलायला गेले होते, तेव्हा हा कारभार पाहिला. वायर मागून पुढे न्यायची वेळ आली तसा तो म्हणाला, सीटच्या बिजागरीवरून घे. मावशीचा हात क्षणभर थांबला. मग तिने वायर बिजागरीवरून घेतली.

काम झालं, पण तापतात का हे बघणार कोण? आयलूच्या हातात निखारा दिला तरी तो ठीक आहे म्हणेल. मावशीची बोटंही आता फारशी बरी नाहीत. म्हणून आज तिने मला मागे बसवलं. हातमोजे काढायचे, मुठी धरायच्या, आणि दोन्ही सारख्या तापतात का ते खरं सांगायचं.

तापल्या. आधी डावी, मग उजवी, चहाच्या कपासारख्या. मी तिच्या पाठीवर थोपटून तसं सांगितलंसुद्धा. तिचे खांदे खाली आले. पुढे तळ्याच्या टोकाला एक उंचवटा आला, गाडी आपटली, आणि जळका वास. गाडी जागीच बंद. मुख्य फ्यूज उडाला होता. जादा एक होता, तो लावताक्षणी उडाला. सीट उचलून पाहिली तर बिजागरीखाली वायर चेंगरून उघडी पडलेली. आमच्या दोघींचं वजन म्हणजे काही चाप्पेचं नव्हे.

हे सगळं तिने पाहिलं, सीट खाली केली आणि चालायला लागली.

काठ जवळ आला तशी मी विचारलंच. वायर तिथून नेऊ नये, हे तुला ठाऊक होतं?

"होतं ना. जुन्या गाडीला तिथून जायची. या गाडीची बिजागरी वेगळी आहे. तो विसरला."

"मग सांगायचं नाही?"

तिने आत गेलेला पाय ओढून काढला. 

"कित्येक महिन्यांनी त्याचा आवाज आधीसारखा निघाला होता," ती म्हणाली. "हे घे, ते ठेव. कोण तोडेल तो आवाज? मला वाटलं टिकेल. चार दिवसांचा तर प्रवास."

काठावर बर्चची झाडं आहेत, तिथून घर दिसतं. धुराड्यातून धूर निघत होता. खिडकीत तो दुर्बीण घेऊन बसला असणार, आयुष्यभर कळप शोधलेला माणूस. आणखी शंभर पावलांवर त्याला दोन बायका पायी येताना दिसल्या असत्या.

मावशी झाडाला टेकली. टोपी काढली, केस घामाने चिकटले होते. शेडमध्ये फ्यूज आहेत, म्हणाली. उद्या सकाळी शेजारचा म्हातारा पेर तिला गाडीपर्यंत सोडेल, ती वायर कडेने नीट नेईल, अर्ध्या तासाचं काम. त्यात काही नाही.

"पण त्याला कळता कामा नये," ती म्हणाली. "हात गेले, ते त्याने सोसलं. आता डोकंही गेलं असं वाटलं, तर शनिवारी तो खुर्चीतून उठायचा नाही. मी ओळखते त्याला."

 पुढे काय येणार हे मला कळलं होतं, आणि ते येऊ नये असं वाटत होतं.

"मला तो विचारणारच नाही. मी सांगितलं तर म्हणेल, मारेत माझी समजूत काढते. तो तुला विचारेल. तू रोज सकाळी देवापुढे दिवा लावतेस, खोटं बोलत नाहीस, हे त्याला माहीत आहे." तिने टोपी पुन्हा घातली, कानांवर ओढली. "पेट्रोल संपलं म्हणून सांग. मारेत डबा घ्यायला विसरली म्हण, हवं तर म्हातारी झाली म्हण. एवढं सांगशील का गं माझ्यासाठी?"